म्हैसूरची आकाशवाणी : एका स्थानिक केंद्राचा इतिहास आणि प्रशासनासाठी एक प्रश्न

मे २०२३ मध्ये प्रसार भारतीने एक आदेश काढला. यापुढे देशातील सर्व नभोवाणी केंद्रांनी इंग्रजी कार्यक्रमांत व घोषणांतदेखील 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव न वापरता 'आकाशवाणी' हेच नाव वापरावे, असा तो आदेश होता. तामिळनाडूतून लगेच त्याला विरोध झाला. हा हिंदी लादण्याचा आणखी एक प्रकार आहे, असे तेथील राजकीय पक्षांचे म्हणणे होते. तामिळ श्रोते नभोवाणीला 'वानोली' म्हणतात आणि 'आकाशवाणी' या शब्दाशी त्यांचे भांडण जुनेच आहे.

या वादात एक गोष्ट फारशी कोणी उच्चारली नाही. 'आकाशवाणी' हे नाव दिल्लीत जन्मलेले नाही आणि ते हिंदी भाषकांनी प्रथम वापरात आणलेले नाही. ते कन्नड भाषेच्या मुलुखात, म्हैसूर शहरात, एका प्राध्यापकाच्या राहत्या घरात चालणाऱ्या छोट्या नभोवाणी केंद्राचे नाव होते. एका स्थानिक केंद्राचे नाव साऱ्या देशाने घेतले आणि ते केंद्र मात्र काही वर्षांतच त्याच्या गावातून हलवले गेले. म्हणजे देशाने नाव ठेवून घेतले आणि घर रिकामे केले. हे कसे घडले, कोणत्या कायद्याच्या व नियमांच्या वाटेने घडले, आणि प्रशासनात काम करणाऱ्यांनी त्यातून काय शिकावे, याचा विचार मला या लेखात करावयाचा आहे.

कायद्याची चौकट

आपल्याकडे बिनतारी संदेशवहनाचा अधिकार मूळचा सरकारचा. १८८५ च्या इंडियन टेलिग्राफ अ‍ॅक्टने तारयंत्राचा सर्व मक्ता सरकारकडे ठेवला आणि पुढे रेडिओचा शोध लागल्यावर तोही याच छत्राखाली आला. त्यामुळे खाजगी व्यक्तीने किंवा कंपनीने ध्वनिप्रसारण करावयाचे तर सरकारचा परवाना हवा, आणि श्रोत्याने घरात रेडिओ ठेवावयाचा तर त्यालाही परवाना हवा. १९२७ साली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २३ जुलैला मुंबई आणि २६ ऑगस्टला कलकत्ता अशी दोन केंद्रे सुरू केली, तेव्हा श्रोत्याच्या परवान्याची फी वर्षाला १० रुपये होती व तिच्यातील ८० टक्के वाटा कंपनीला मिळत असे. श्रोते थोडे, फी चुकवणारे पुष्कळ आणि कार्यक्रमांचा खर्च मोठा, अशा स्थितीत ही कंपनी १९३० च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत निघाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारने ती केंद्रे स्वतःकडे घेतली. ऑगस्ट १९३५ मध्ये लायोनेल फील्डेन हे ब्रॉडकास्टिंगचे पहिले कंट्रोलर म्हणून आले आणि जून १९३६ मध्ये त्या खात्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले.

याच काळात आणखी एक घटना घडत होती. गव्हर्नमेंट ऑफ इंडिया अ‍ॅक्ट, १९३५ ला २ ऑगस्ट १९३५ रोजी राजमान्यता मिळाली. त्या कायद्याचे कलम १२९ आज कोणी फारसे वाचत नाही, पण ते वाचण्यासारखे आहे. प्रसारण हा विषय संघशासनाकडे असला, तरी एखाद्या प्रांताने किंवा संघात सामील झालेल्या संस्थानाने स्वतःचे प्रक्षेपक उभारण्याची व चालवण्याची, तसेच आपल्या भागातील परवाने व फी यांचे नियमन करण्याची मागणी केली, तर संघशासनाने ती अवाजवी कारणाने नाकारू नये, असे ते कलम सांगते. याचा अर्थ असा की, परकीय राज्यकर्त्यांनी केलेल्या कायद्यात प्रांतांना व संस्थानांना स्वतःच्या नभोवाणीचा, मर्यादित का होईना, हक्क मान्य केला होता. कायद्यातील संघराज्याची योजना अमलात आली नाही, कारण संस्थाने तीत सामील झालीच नाहीत. तरीही त्या वेळच्या विचाराची दिशा या कलमावरून कळते.

राजमान्यतेनंतर सहा आठवड्यांच्या आतच, १० सप्टेंबर १९३५ रोजी, म्हैसूरला एक केंद्र सुरू झाले. दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध होता असे मी म्हणत नाही. परंतु दोन्ही एकाच काळाच्या खुणा आहेत.

प्राध्यापकाचे घर

त्या वेळचे म्हैसूर हे प्रशासनाच्या अभ्यासकाला आकर्षित करणारे संस्थान होते. १८८१ पासून तेथे प्रतिनिधी सभा भरत असे. शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातून १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना आणि १९०५ पासून बंगळूर शहराला वीज मिळत होती. कन्नड साहित्य परिषद १९१५ साली आणि म्हैसूर विद्यापीठ १९१६ साली स्थापन झाले. गादीवर कृष्णराज वडियार चौथे होते आणि १९२६ पासून १९४१ पर्यंत सर मिर्झा इस्माईल दिवाण होते. वीज, विद्यापीठ, गाणे आणि जागरूक मध्यमवर्ग या चार गोष्टी एका लहान शहरात एकत्र आल्या होत्या. नभोवाणीला आणखी काय हवे असते?

डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी हे म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात चार्ल्स स्पीअरमन यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले होते. परत आल्यावर म्हैसूर विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्राचा विभाग उभारला. आपल्या देशातील या विषयाच्या सर्वांत जुन्या विभागांपैकी तो एक. मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला बिनतारी यंत्राचे वेड असावे याचे कोणाला नवल वाटेल. मला मात्र त्यात सुसंगती दिसते. माणसे कशी ऐकतात, कशी शिकतात, एकमेकांशी कशी जोडली जातात, हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय होता.

त्यांनी स्वतःच्या खर्चाने ३० वॉटचा एक प्रक्षेपक आणवला आणि म्हैसूरच्या ओंटिकोप्पल भागातील आपल्या 'विठ्ठल विहार' या घरातून प्रसारण सुरू केले. काही काळाने त्यांनी २५० वॉटचा प्रक्षेपक बसवला. केंद्राचे नाव होते 'आकाशवाणी'. हे नाव गोपालस्वामींनी ठेवले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यांचे सहकारी ना. कस्तुरी यांनी ते सुचवले असेही सांगितले जाते. पुढे १९३८ साली कलकत्त्याच्या लघुलहरी केंद्राच्या निमित्ताने रवींद्रनाथ ठाकुरांनी याच नावाची कविता लिहिली, म्हणून श्रेयाचा एक वाटा तिकडेही दिला जातो. शब्द संस्कृत आणि जुना आहे. कंसाला आकाशवाणी झाली, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पण एका प्रसारण केंद्राचे नाव म्हणून तो म्हैसूरला आधी वापरात आला. मराठीत त्याच सुमारास 'नभोवाणी' हा शब्द रूढ होत होता, त्यावरूनच 'नभोनाट्य' हा शब्द आला. प्रत्येक भाषा या नव्या यंत्रासाठी स्वतःचा शब्द शोधत होती.

तीस वॉट म्हणजे किती?

आजच्या वाचकाला ३० वॉट म्हणजे एका मध्यम दिव्याइतकी शक्ती. मुंबईच्या १९२७ सालच्या केंद्राचा प्रक्षेपक १५०० वॉटचा, म्हणजे पन्नास पट मोठा होता आणि तोही सुमारे ३० मैलांपर्यंतच खात्रीने ऐकू येई. त्या वेळची नभोवाणी ही बहुतांशी मध्यम लहरींवरची, म्हणजे आपण ज्याला ए.एम. म्हणतो त्या पद्धतीची. या लहरी दिवसा जमिनीला धरून जातात, त्यामुळे लहान केंद्राचा पल्ला गाव आणि भोवतालची खेडी एवढाच राहतो. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून त्या परावर्तित होतात आणि फार दूरवरही कानी पडतात, पण तो भरवशाचा मामला नसतो. दूरचे केंद्र आपल्या केंद्राच्या आवाजात मिसळते आणि खरखर वाढते.

म्हणजे पल्ला लहान असणे हे या तंत्राचे वैगुण्य होते, तसेच त्याचे स्वरूपही होते. ३० वॉटचे केंद्र दुसऱ्या गावासाठी असूच शकत नाही. त्याचा श्रोता आणि त्याचा कलावंत एकाच गावात राहतात, एकाच बाजारात भाजी घेतात. कार्यक्रम वाईट झाला तर दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटून सांगतात.

म्हैसूरमध्ये कार्यक्रमांना सामग्रीचा तोटा नव्हता. राजदरबाराच्या आश्रयाने तेथे कर्नाटक संगीताची मोठी परंपरा होती. वीणावादनाच्या म्हैसूर परंपरेची कीर्ती दक्षिणेत सर्वत्र होती. वासुदेवाचार्यांसारखे रचनाकार आणि सात तारांचे व्हायोलिन वाजवणारे टी. चौडय्या याच शहराशी निगडित. कुमारव्यासाचे भारत रागदारीत वाचून दाखवण्याची 'गमक' ही कला तर ध्वनिप्रसारणासाठीच जन्मली असावी असे वाटते. कॉलेजात विद्वान प्राध्यापक होते. संध्याकाळचे काही तास गाणे आणि व्याख्याने यांवर चालणारे केंद्र अशा शहराला सहज पेलणारे होते.

पैसा कोणाचा?

प्रश्न होता पैशाचा, आणि प्रशासकाने तो नेहमी प्रथम विचारला पाहिजे. परवाना फीचा वाटा या केंद्राला मिळत नव्हता. जाहिराती नव्हत्या. गोपालस्वामींनी सुमारे सहा वर्षे हे केंद्र मुख्यतः स्वतःच्या खिशातून व मित्रांच्या मदतीने चालवले. त्यानंतर ते म्हैसूर सरकारने हाती घेतले.

येथे मद्रासच्या अनुभवाशी तुलना केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. मद्रासमध्ये १९२४ साली सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन झाला आणि त्याने त्याच वर्षी प्रसारण सुरू केले. पैशाअभावी १९२७ मध्ये तो बंद पडला. बंद पडताना क्लबने आपला प्रक्षेपक मद्रास महानगरपालिकेला देऊन टाकला. महापालिकेने १ एप्रिल १९३० पासून त्यावर रोजचे प्रसारण सुरू केले आणि १९३८ पर्यंत चालवले. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, शाळा आणि नभोवाणी, अशी ती कामाची यादी होती!

त्या केंद्राचे वेळापत्रक पाहण्याजोगे आहे. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात संगीत. दुपारी चार ते साडेचार महापालिकेच्या शाळांतील मुलांसाठी संगीताचे धडे व गोष्टी. रविवारी व सुटीच्या दिवशी सकाळी दहा ते अकरा ग्रामोफोनच्या तबकड्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाश्चात्य संगीत. ज्यांच्याकडे रेडिओ नाही त्यांच्यासाठी मरीना किनाऱ्यासारख्या सार्वजनिक ठिकाणी ध्वनिवर्धक बसवलेले होते. रेडिओ संच ही त्या काळी श्रीमंतांची वस्तू होती. पण समुद्रावर फिरायला आलेला हमाल आणि वकील एकच गाणे ऐकत होते. नागरी सुविधा म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

१६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले आणि महापालिकेने आपले प्रसारण थांबवले. म्हैसूर संस्थान असल्याने त्याचे केंद्र आणखी काही वर्षे स्वतंत्र राहिले. दोन्ही ठिकाणी क्रम एकच दिसतो. हौशी माणसे सुरुवात करतात, त्यांचा पैसा संपतो, स्थानिक शासन भार उचलते आणि शेवटी केंद्र सरकार ते ताब्यात घेते.

१९५० : एकत्रीकरण

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. ती देशाच्या अडीच टक्के भूभागापर्यंत आणि अकरा टक्के लोकांपर्यंत पोचत होती. याशिवाय पाच केंद्रे संस्थानांच्या मालकीची होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि बडोदे. देशातील सहा आणि संस्थानांतील पाच, हे प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या संस्थानांना आपण सरसकट मागासलेली म्हणतो, त्यांतील काहींनी या क्षेत्रात ब्रिटिश प्रांतांपेक्षा अधिक पुढाकार घेतला होता.

बडोद्याचे केंद्र १९४८ च्या अखेरीस आणि म्हैसूरसह उरलेली केंद्रे १ एप्रिल १९५० रोजी ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली. त्याआधी दोनच महिने, २६ जानेवारीला, राज्यघटना अमलात आली होती. तिच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूचीच्या ३१ व्या नोंदीत टपाल, तार, दूरध्वनी, बिनतारी यांच्या सोबत 'प्रसारण' हा शब्द आहे. १९३५ च्या कलम १२९ सारखी तरतूद मात्र नव्या घटनेत आली नाही. नुकतीच फाळणी झालेली, संस्थाने नुकतीच विलीन झालेली, हैदराबादची कारवाई ताजी. अशा वेळी घटनाकारांना प्रसारण एका हाती असावे असे वाटले, तर त्यात आश्चर्य नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर कदाचित हेच केले असते.

विलीनीकरणाने म्हैसूरच्या केंद्राला पुष्कळ काही मिळाले. कर्मचाऱ्यांना निश्चित पगार व सेवाशर्ती मिळाल्या, यंत्रसामग्रीसाठी तरतूद मिळाली, अभियंते मिळाले. एका व्यक्तीच्या हौसेवर चालणारी संस्था त्या व्यक्तीबरोबर संपते. शासनाची संस्था संपत नाही, हा शासकीय व्यवस्थेचा मोठा गुण आहे आणि तो नाकारून चालणार नाही.

१९५५ : स्थलांतर

पण संपत नाही म्हणजे जागेवर राहते असेही नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये बंगळूरला मोठ्या शक्तीच्या प्रक्षेपकासह नवे केंद्र सुरू झाले आणि म्हैसूरचे केंद्र तेथे हलवण्यात आले. ज्या शहरात आकाशवाणीचा जन्म झाला ते शहर केंद्राविना राहिले, ते पुढची जवळजवळ एकोणीस वर्षे.

हा निर्णय मूर्खपणाचा होता का? मला तसे वाटत नाही. नस्तीवर त्याची कारणे कशी मांडली जातील, याची आपण कल्पना करू शकतो. बंगळूर ही राज्याची राजधानी. मोठ्या प्रक्षेपकाचा आवाज म्हैसूरलाही पोचणार. लहान केंद्र वेगळे चालवल्यास खर्च दुप्पट. एका वर्षाच्या आत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भाषावार पुनर्रचना होऊन कन्नड भाषकांचे मोठे राज्यही अस्तित्वात आले. 'किती चौरस मैल आणि किती लोकसंख्या' हा निकष लावला, तर बंगळूरचाच पक्ष बरोबर ठरतो.

चूक निकषात होती. त्या निकषात फक्त एक दिशा मोजलेली आहे : केंद्राकडून श्रोत्याकडे. उलट दिशा, म्हणजे गावातून केंद्राकडे काय येते, ती मोजण्यासाठी कोणताही रकाना नव्हता. बंगळूरचा आवाज म्हैसूरला ऐकू येत होता, पण म्हैसूरचा आवाज बंगळूरला पोचवण्यासाठी कलावंताला सुमारे १४० किलोमीटरचा प्रवास करणे भाग होते. नावाजलेला गायक जाईल. पण दहा मिनिटे कीर्तनातले पद म्हणणारी गृहिणी, रेशीमकिड्यांच्या रोगावर बोलणारा शेतकी अधिकारी, शाळेतील मुलांचे नाटक? हे सर्व जाणार नाहीत. ते केंद्र जवळ असेल तरच प्रसारणात येतात.

नाव मात्र दिल्लीला गेले. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री डॉ. बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ होते. शास्त्रीय संगीतावरची त्यांची निष्ठा आणि चित्रपटगीतांवरचा त्यांचा राग दोन्ही प्रसिद्ध आहेत. १९५२ साली संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, कलावंतांच्या चाचण्या व श्रेणी यांची पद्धत बसवली गेली. त्याच वर्षी चित्रपटगीतांना कात्री लागली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्यांना परत आणण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करावी लागली. त्याच १९५७ साली ऑल इंडिया रेडिओने 'आकाशवाणी' हे नाव अधिकृतपणे स्वीकारले.

केसकरांच्या धोरणाने देशातील शेकडो गुणी कलावंतांना नियमित बिदागी मिळाली, हे त्यांचे ऋण आहे. पण कोणाचे गाणे प्रसारणाला योग्य आहे, हे ठरवण्याचा अधिकार त्याच धोरणाने गावातून उचलून समित्यांकडे नेला.

जवळच्या केंद्राने काय साधते?

येथे कोणी विचारेल, स्थानिक केंद्र नसले तर नेमके काय बिघडते? दोन उदाहरणे देतो.

पहिले पुणे केंद्राचे. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या या केंद्राने १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या मदतीने, ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि जमेल ते कृतीत आणावयाचे. मंडळांचे प्रश्न केंद्राकडे येत आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. या प्रयोगाचा अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेने केला. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे आय.सी.एस. अधिकारी आणि हिंदीतील नामवंत नाटककार होते. त्यांनी व पॉल न्यूराथ यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रकाशित केला. ऐकणारी गावे आणि न ऐकणारी गावे यांची तुलना केल्यावर मंडळांच्या गावांत माहिती स्पष्टपणे वाढलेली आढळली. या यशाचे मर्म उलट दिशेच्या पत्रांत होते, असे माझे मत आहे.

दुसरे तिरुचिरापल्लीचे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील शेतीविषयक कार्यक्रमांतून तंजावरच्या शेतकऱ्यांना एडीटी-२७ या भाताच्या नव्या वाणाची माहिती मिळाली. तो वाण इतका पसरला की शेतकरी त्याला 'रेडिओ भात' म्हणू लागले. दिल्लीहून सांगितलेल्या वाणाला कोणी असे लाडके नाव दिले नसते.

माझा स्वतःचा एक छोटा अनुभवही नोंदवतो. एका जिल्ह्यात काम करीत असताना पावसाळ्यात धरणातून पाणी सोडण्याची सूचना नदीकाठच्या गावांना तातडीने द्यावयाची होती. जिल्ह्याच्या ठिकाणी नभोवाणी केंद्र होते आणि तेथील अधिकारी मदतीस उत्सुक होते. परंतु त्या वेळी राजधानीच्या केंद्राचे सहक्षेपण चालू होते, आणि ते मधेच थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. वरिष्ठांशी संपर्क होईपर्यंत आम्ही जीपवर भोंगे लावून माणसे पाठवली. प्रक्षेपक जिल्ह्यात होता, इमारत जिल्ह्यात होती, माणसेही जिल्ह्यातली होती. फक्त निर्णय जिल्ह्यात नव्हता. एखादे केंद्र स्थानिक आहे की नाही, हे त्याच्या पत्त्यावरून ठरत नाही. उद्याचा कार्यक्रम बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, यावरून ते ठरते.

परतीचा प्रवास

१९७४ साली म्हैसूरला पुन्हा आकाशवाणी केंद्र सुरू झाले. आज ते एफ.एम. १००.६ वर ऐकू येते आणि दसऱ्याच्या जंबू सवारीचे धावते वर्णन हा त्याचा मानाचा कार्यक्रम आहे.

दरम्यान या विषयावर समित्याही नेमल्या गेल्या. माजी महालेखापरीक्षक अशोक चंदा यांच्या समितीने १९६६ मध्ये नभोवाणीला खात्याच्या चौकटीतून काढून स्वतंत्र महामंडळ करावे असे सांगितले. बी. जी. वर्गीज यांच्या समितीने १९७८ मध्ये 'आकाश भारती' या विश्वस्त संस्थेची कल्पना मांडली आणि अधिकार खाली सोपवण्यावर भर दिला. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तामिळनाडूत नागरकोइल येथे 'स्थानिक केंद्र' या नव्या योजनेतील पहिले केंद्र निघाले. म्हणजे १९३० च्या दशकात जे सहज घडत होते, ते पन्नास वर्षांनी योजना म्हणून सुरू करावे लागले. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अमलात आला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला.

त्यानंतर सामुदायिक रेडिओचे धोरण आले, प्रथम २००२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांसाठीही. २००८ साली पूर्वीच्या मेदक जिल्ह्यात दलित स्त्रियांनी चालवलेला 'संगम रेडिओ' सुरू झाला. २०२४ च्या सुमारास अशा केंद्रांची संख्या पाचशेच्या घरात गेली. त्यांना साधारणपणे १०० वॉटपर्यंतच्या शक्तीची परवानगी असते. गोपालस्वामींचे ३० आणि २५० वॉटचे प्रक्षेपक या आकड्याच्या दोन बाजूंना आहेत. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मात्र या केंद्रांना नाही. सातशे उंबऱ्यांच्या गावात कोणता रस्ता खचला, हे सांगणे 'बातमी' होते काय, असा प्रश्न अशा केंद्रांच्या चालकांना पडतो, आणि तो रास्त आहे.

दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींचे अनेक जुने प्रक्षेपक बंद झाले. त्यांना वीज फार लागते, उंच मनोरा व बरीच जमीन लागते, सुटे भाग मिळत नाहीत. ते बंद करण्यामागील हिशेब मला समजतो. माझी काळजी वेगळी आहे. प्रक्षेपक बदलताना, केंद्रांची पुनर्रचना करताना आणि खर्च वाचवण्यासाठी सहक्षेपणाचे तास वाढवताना आपण पुन्हा १९५५ चाच निकष लावीत आहोत काय?

प्रशासनासाठी

म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, कोणत्याही स्थानिक संस्थेचे विलीनीकरण, स्थलांतर किंवा सहक्षेपण प्रस्तावित करणाऱ्या टिपणीत दोन रकाने असावेत : तेथून किती लोकांपर्यंत पोचते, आणि तेथील किती लोक तिच्यात भाग घेतात. दुसरा रकाना कोरा असेल तर प्रस्ताव परत पाठवावा.

दोन, प्रत्येक केंद्रप्रमुखाला रोज काही ठरावीक वेळ आणि आपत्तीच्या प्रसंगी संपूर्ण वेळ स्वतःच्या निर्णयाने वापरण्याचा लेखी अधिकार असावा. असा अधिकार कागदावर स्पष्ट नसेल, तर तो प्रत्यक्षात नसतोच, हे प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक आहे.

तीन, १९३५ च्या कलम १२९ मागील विचाराचा आपण पुन्हा विचार करावा. राज्यांना, नगरपालिकांना व जिल्हा परिषदांना मर्यादित पल्ल्याच्या केंद्रांचा हक्क असावा काय? यात पक्षीय प्रचाराचा धोका आहे, तो मी नाकारत नाही. पण जी महापालिका शाळा आणि रुग्णालये चालवू शकते, तिला १९३० साली मद्रासने जे जमवले ते आज जमणार नाही, असे गृहीत धरणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

तामिळनाडूतील विरोधकांना मी एवढेच सांगेन की 'आकाशवाणी' हे तुमच्या शेजारच्या घरातले नाव आहे. आणि दिल्लीला सांगेन की ते नाव साऱ्या देशावर एका आदेशाने लावल्यामुळेच ते परके वाटू लागले. म्हैसूरच्या लोकांनी ते आवडीने वापरले, कारण त्या नावाने बोलणारा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.